भाचीला जुनी ‘डॉक्टर हू’ दाखवताना

भाची नऊ वर्षांची झाली तेव्हा मी तिला माझी आवडती जुनी ‘डॉक्टर हू’ दाखवायला बसवलं. कितीतरी वर्षं त्या दिवसाची वाट पाहिली होती, त्यामुळे तोंड थांबेना. “आता बघ हं.” “हा माणूस लक्षात ठेव.” “हे त्या काळी किती अवघड होतं, माहितेय?” पंधराव्या मिनिटाला ती उठली. “मावशी, तू बघ, मी नंतर येते.” आली नाही. मालिका तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती, मध्ये मी उभी होते.

सहा महिन्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती: मी ही कथा पुन्हा पाहतेय, ती पहिल्यांदा पाहतेय, आणि तिची पहिली वेळ मला वापरायची नाही. बाकीचं सगळं त्यातून आपोआप ठरत गेलं. ज्यांना आपल्या भाच्याला, पुतणीला, नातवाला अशी एखादी जुनी विज्ञानकथा मालिका दाखवायची आहे, त्यांच्यासाठी त्या दुसऱ्या खेपेची पद्धत सविस्तर लिहिते. उदाहरण ‘डॉक्टर हू’चं आहे, कारण मला तीच नीट ठाऊक आहे.

मालिका अजिबात माहीत नसेल तर एवढंच. बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी तिचा पहिला भाग दाखवला. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी निळ्या पोलीस खोक्याच्या रूपातल्या ‘टार्डिस’ या यानातून काळात आणि अवकाशात फिरतो, सोबत बहुतेक वेळा एखादा माणूस असतो. मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं आणि नवा नट येतो. जुनी मालिका १९८९ पर्यंत चालली, २००५ मध्ये ती नव्याने सुरू झाली. मी इथे जुन्या मालिकेविषयी बोलतेय.

पहिली पायरी: मालिका नको, एक कथा निवडा

जुन्या मालिकेची रचना आजच्या मालिकांसारखी नाही. एक कथा साधारण पंचवीस मिनिटांच्या चार किंवा सहा भागांत सांगितली जायची, ती संपली की नवी कथा, नवं ठिकाण. त्यामुळे ‘सुरुवातीपासून बघू’ हा हट्ट सोडून द्या. १९६३ पासून क्रमाने पाहायला बसलात तर मूल तिसऱ्या दिवशी पळेल. मधलीच एखादी चांगली कथा काढा. चार भागांचीच घ्या. सहा भागांच्या कथांमध्ये मधले दोन भाग पकडापकडी आणि सुटकेतच जातात, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनाही मान्य आहे.

मी निवडली ‘सिटी ऑफ डेथ’. चार भाग, २९ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर १९७९ या काळात प्रक्षेपित झालेली. डॉक्टर आहे टॉम बेकर, लांबच लांब मफलरवाला. सोबत त्याच्याच ग्रहावरची रोमाना, म्हणजे लल्ला वॉर्ड. खलनायक काउंट म्हणजे ज्युलियन ग्लोव्हर, इतका सभ्य की अंगावर काटा येतो. जागा पॅरिस, आणि खरोखरचं पॅरिस: परदेशात जाऊन चित्रीकरण केलेली या मालिकेची ही पहिली कथा. डेव्हिड फिशर यांच्या मूळ कल्पनेवरून डग्लस अ‍ॅडम्स आणि निर्माते ग्रॅहम विल्यम्स यांनी अगदी घाईत नवी संहिता लिहिली. पडद्यावर मात्र लेखक म्हणून ‘डेव्हिड अ‍ॅग्न्यू’ हे टोपणनाव दिसतं. घाईतलं लिखाण आहे असं कुठेच वाटत नाही. संवाद इतके चपळ आहेत की मुलांना अर्धेच कळले तरी ती हसतात, कारण बोलणाऱ्यांना मजा येतेय हे चेहऱ्यावर दिसतं.

आणि कथेच्या मध्यभागी आहे मोनालिसा. हे माझं खरं कारण. मुलाला आधीपासून माहीत असलेली एक तरी गोष्ट कथेत असावी, म्हणजे अनोळखी गावात ओळखीचं घर सापडल्यासारखं होतं. भाचीला डालेक, म्हणजे डॉक्टरचे जुने शत्रू, माहीत नव्हते, टाइम लॉर्ड, म्हणजे डॉक्टरची जमात, माहीत नव्हती, पण मोनालिसा माहीत होती. तिच्या चित्रकलेच्या वहीच्या मुखपृष्ठावरच होती.

तुमच्या मुलाची आवड वेगळी असेल तर निवड बदला. रहस्यकथा आणि यंत्रमानव आवडत असतील तर ‘द रोबॉट्स ऑफ डेथ’ (१९७७). ममी आणि पिरॅमिड आवडत असतील, शिवाय मूल थोडं धीट असेल, तर ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’ (१९७५). दुकानातले पुतळे जिवंत झाले तर काय, हा प्रश्न ज्याला पडलेला आहे त्याला ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ (१९७०) दाखवा. मालिकेची ती पहिली रंगीत कथा. ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ (१९७५) ही अनेकांची सर्वांत लाडकी कथा आहे, माझीही आहे, पण ती युद्धाची आणि वंशसंहाराची गोष्ट आहे, वर सहा भागांची. मूल नऊ वर्षांचं असेल तर ती राखून ठेवा, बारा-तेरा वर्षांचं झालं की काढा.

दुसरी पायरी: आधी एकट्याने पाहा, वही घेऊन

‘मला पाठ आहे’ असं म्हणून ही पायरी गाळू नका. आठवण आपल्याला हवं ते ठेवते. मला मोनालिसा आठवत होती, आयफेल टॉवर आठवत होता, एक गोरा प्राध्यापक पडद्यावर क्षणात म्हातारा होऊन सांगाडा होतो हे साफ विसरले होते. तिसऱ्या भागाचा शेवटच तो आहे.

पाहताना दोन गोष्टी टिपा. एक, भीतीच्या जागा, मिनिटासकट. ‘सिटी ऑफ डेथ’मध्ये अशा तीन आहेत: पहिल्या भागाचा शेवट, तिसऱ्या भागाचा शेवट, आणि चौथ्या भागात काउंटच्या बायकोचं, काउंटेसचं, जे होतं ते. मुलाला त्या आधी सांगायच्या नाहीत. तुम्हाला माहीत असाव्यात म्हणजे त्या क्षणी तुम्ही पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलेल्या नसाल, शेजारी बसलेल्या असाल.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. जुन्या मालिकांमध्ये त्या काळाचे दोषही आहेत. ‘द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग’ (१९७७) ही कथा रचनेच्या दृष्टीने उत्तम आहे, पण त्यात मुख्य चिनी पात्र एका गोऱ्या ब्रिटिश नटाने रंगरंगोटी करून केलं आहे आणि चिनी माणसांविषयीचे अतिशय वाईट समज कथेत भरलेले आहेत. अशी कथा लहान मुलाला पहिल्यांदा दाखवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे कधी दाखवलीत तर आधी बसून बोला. ‘तेव्हा असंच असायचं’ एवढं म्हणून विषय संपवू नका, मूल त्यातून ‘म्हणजे चालतं’ असा अर्थ काढतं. लहानसहान बाबतीतही हे लागू आहे. कितीतरी जुन्या कथांत मुलीचं काम किंचाळणं आणि पाय मुरगळणं एवढंच आहे. ‘सिटी ऑफ डेथ’ इथेही सरस ठरते, कारण रोमाना डॉक्टरच्या बरोबरीची आहे आणि कधी कधी त्याच्याहून हुशार. भाचीने ते पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं.

तिसरी पायरी: टीव्ही नीट लावा

हे काम छोटं आहे, पण करा. जुनं चित्र जवळपास चौकोनी आहे, चारास तीन या प्रमाणातलं. टीव्ही ते आपणहून ताणून रुंद करत असेल तर ती सोय बंद करा, नाहीतर सगळी माणसं बुटकी आणि जाडी दिसतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील, राहू द्या. हालचाल गुळगुळीत करणारी सोय नव्या टीव्हींत असते, तीही बंद करा.

इंग्रजी सबटायटल्स सुरू ठेवा. टॉम बेकर भराभर बोलतो, आवाजाचं मिश्रण जुनं आहे, आणि ज्या मुलाची घरची भाषा मराठी आहे त्याला डोळ्यांसमोर शब्द असले की धीर येतो. मराठीत सलग भाषांतर करत बसू नका. ती माझी पहिल्या खेपेची मोठी चूक होती. विचारलं तरच सांगा, एका वाक्यात.

ब्रिटनमध्ये बीबीसी आयप्लेअरवर नोव्हेंबर २०२३ पासून जुन्या भागांचा मोठा साठा एकत्र आहे. बाकी ठिकाणी बहुधा डीव्हीडीचा आधार घ्यावा लागतो. ब्रिटिश डीव्हीडी प्रदेश क्रमांक दोनच्या असतात, आपला प्लेअर त्या चालवतो की नाही हे विकत घेण्याआधी तपासा. या डीव्हीडींवर निर्मितीची माहिती सबटायटल्ससारखी दाखवण्याची एक सोय असते. ती अप्रतिम आहे आणि पहिल्या वेळी ती पूर्ण बंद ठेवायची.

चौथी पायरी: सुरू करण्याआधी तीनच वाक्यं

साठ वर्षांचा इतिहास सांगायचा मोह होईल. आवरा. मी भाचीला एवढंच सांगितलं: “हा डॉक्टर माणसासारखा दिसतो पण दुसऱ्या ग्रहावरचा आहे. ही रोमाना त्याच्याच ग्रहावरची. त्यांच्याकडे एक निळं खोकं आहे, त्यातून ते कुठल्याही काळात जाऊ शकतात.” झालं.

खोकं आतून मोठं आहे हेसुद्धा सांगितलं नाही. ते तिचं तिला कळू दे. ‘पोलीस बॉक्स’ म्हणजे काय, हे तिने दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा सांगितलं, की खिशात मावणारे बिनतारी संच येण्याआधी ब्रिटनच्या रस्त्यांवर अशी टेलिफोनची खोकी असायची, पोलिसांना आणि लोकांना ठाण्याशी बोलता यावं म्हणून. टार्डिस जिथे जाईल तिथल्यासारखं रूप घेते, पण ती यंत्रणा बिघडली आणि ती त्या एका रूपात अडकली. विचारल्यावर दिलेलं उत्तर ती चार जणांना सांगत फिरली. न विचारता दिलं असतं तर ते हवेत गेलं असतं.

पाचवी पायरी: एका दिवशी एकच भाग

सगळ्या लेखात एकच पायरी पाळायची असेल तर ही पाळा.

भाग ऐन मोक्यावर संपवणं ही या मालिकेची नुसती सवय नव्हती, तिची सगळी बांधणीच त्यावर उभी होती. लेखक प्रत्येक पंचविसाव्या मिनिटाला एक दार उघडून ठेवायचे आणि प्रेक्षकाला सात दिवस त्या उंबऱ्यावर उभं करायचे. पुढचा भाग मागच्या प्रसंगाची थोडी उजळणी करून सुरू व्हायचा, कारण मध्ये आठवडा गेलेला असायचा. चारही भाग सलग पाहिले की ही उजळणी कंटाळवाणी वाटते, कथा संथ वाटते, आणि आपण म्हणतो की जुन्या मालिका फार रेंगाळतात. पंचवीस मिनिटांच्या घोटात पाहिली तर ती रेंगाळत नाही. ज्या मापात ती शिजवली गेली त्याच मापात वाढायला हवी.

आठवडाभर थांबवणं आजच्या मुलाला जड जाईल. मी एक रात्र थांबवलं. रोज संध्याकाळी, त्याच वेळेला, एक भाग. पहिल्या दिवशी ती संतापली. पहिल्या भागाचा शेवट असा आहे: काउंट आरशासमोर उभा राहतो, स्वतःचा चेहरा सोलून काढतो, आणि आत हिरवं, सुरकुतलेलं, एकाच डोळ्याचं काहीतरी असतं. शीर्षकसंगीत. भाग संपला.

“मावशी, लाव ना पुढचा!”

“उद्या.”

“असं कुणी करतं का?”

“१९७९ मध्ये पुढच्या शनिवारपर्यंत थांबायचे.”

तिला ते खरंच वाटेना. मग तिने जे केलं ते पाहण्यासाठी मी सगळं पुन्हा करेन. ती वही घेऊन आली आणि लिहायला लागली. तिला आठवलं की कथेच्या पहिल्याच प्रसंगात ओसाड ग्रहावर कोळ्यासारख्या पायांचं एक यान होतं आणि त्यात असाच चेहरा होता. ‘मग तो इतकी वर्षं जिवंत कसा? की त्याचा पणतू? की तो पण डॉक्टरसारखा काळात फिरतो?’ तीन तर्क, तिघांना क्रमांक. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर चौथा तर्क तयार होता. दुसऱ्या भागाच्या शेवटी डॉक्टर १५०५ सालच्या फ्लॉरेन्समध्ये लिओनार्दोच्या घरी पोचतो आणि तिथे जो माणूस दारातून आत येतो त्याला पाहून ती सोफ्यावर उभीच राहिली. तिचा एक तर्क पार कोसळला होता आणि दुसरा अर्धा खरा निघाला होता.

हे तर्क म्हणजे कथेचा पाचवा भाग असतो, आणि तो प्रेक्षकाने लिहायचा असतो. सलग पाहणाऱ्याला तो मिळतच नाही. म्हणून एकत्र जोडून छोटे केलेले चित्रपटरूप अवतार सुरुवातीला टाळा. ‘द डालेक्स’ या सात भागांच्या कृष्णधवल कथेचं २०२३ मध्ये रंगीत, पंचाहत्तर मिनिटांचं रूप आलं. ते सुंदर झालंय, पण त्यात उंबरे जवळजवळ राहिलेले नाहीत.

या काळात तुमचं काम एकच: कुठल्याही तर्कावर चेहरा हलू द्यायचा नाही. ‘शक्य आहे’ म्हणा. मुलं आपल्या भुवया वाचतात.

सहावी पायरी: पाहताना

रिमोट मुलाच्या हातात द्या. थांबवायचं त्याने, मागे न्यायचं त्याने. मी स्वतःला नियम घातला होता की तिने थांबवल्याशिवाय बोलायचं नाही. पहिल्या भागात कॅफेत बसलेला एक चित्रकार रोमानाचं चित्र काढतो. ते चित्र कसं आहे याकडे लक्ष वेधायला माझी जीभ वळवळत होती. नाही वेधलं. तिने रिमोट दाबला, मागे नेलं, पुन्हा पाहिलं आणि काहीच न बोलता वहीत काहीतरी लिहिलं. मी सांगितलं असतं तर ते माझं निरीक्षण झालं असतं.

ट्रिक सीनबद्दल माफी मागू नका. ‘तेव्हा कॉम्प्युटर नव्हते ना, म्हणून असं दिसतं’ हे वाक्य मूल पाहत असलेल्या गोष्टीला आधीच खोटं ठरवून टाकतं. मुलं बाहुल्यांशी खेळतात, पत्त्यांच्या बंगल्यात राहतात. रबरी मुखवटा त्यांना अडत नाही. भाचीने मुखवट्यावर आक्षेप घेतला, पण तो वेगळाच: “त्याचं खरं डोकं एवढं मोठं आहे, मग ते माणसाच्या चेहऱ्यात मावलं कसं?” हा प्रश्न रबराबद्दल नाही, कथेतल्या जगाबद्दल आहे. म्हणजे ती त्या जगात होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं.

तिने आपणहून विचारलं की हे कसं बनवलं, तर मात्र मोकळेपणाने सांगा. ‘आत वेगळं आणि बाहेर वेगळं का दिसतं?’ हा प्रश्न चौकस मुलं हमखास विचारतात. स्टुडिओतले प्रसंग व्हिडिओ कॅमेऱ्यांवर घेतले जायचे आणि बाहेरचे १६ मिलिमीटर फिल्मवर, म्हणून खोलीतून रस्त्यावर आलं की चित्राचा पोतच बदलतो. ‘द आर्क इन स्पेस’ (१९७५) मध्ये एका माणसाचं कीटकात रूपांतर होताना दाखवण्यासाठी हिरवा रंग दिलेला बबल रॅप वापरला होता, तेव्हा तो बहुतेक प्रेक्षकांच्या ओळखीचा नव्हता. हे ऐकल्यावर घरातल्या बबल रॅपचं काय झालं ते मी सांगायला नको.

भीतीबद्दल थोडं. ब्रिटनमध्ये ‘सोफ्याच्या मागे लपून डॉक्टर हू पाहणं’ हा वाक्प्रचारच झाला आहे, म्हणजे भीती हा या मालिकेचा मान्य भाग आहे. पण भीती किती, हे तेव्हाही वादाचं होतं. १९७६ च्या ‘द डेडली असॅसिन’मध्ये डॉक्टरचं डोकं पाण्याखाली दाबलेलं असताना चित्र गोठतं आणि भाग संपतो. त्यावर टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी जोरदार तक्रार केली होती. मला वाटतं भीतीचं माप दोन गोष्टींवर ठरतं: खोलीत दिवा आहे की नाही, आणि शेजारी कोण आहे. दिवा चालू ठेवा. मूल कुशीत सरकलं तर काही बोलू नका. तोंड वळवलं तर ‘अगं खोटं आहे ते’ म्हणू नका. तिला ते ठाऊक असतं, तरी भीती वाटते, आणि त्यात चूक काही नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी भाचीने माझा हात घट्ट धरला. रात्री झोपताना विचारलं, “त्या प्राध्यापकाला दुखलं असेल?” आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, पुढचं पाहायचं की थांबायचं? हे विचारणं खरं असायला हवं. ती नको म्हणाली असती तर मी डीव्हीडी कपाटात ठेवली असती.

सातवी पायरी: संपल्यानंतर

चौथा भाग कसा संपतो ते इथे लिहीत नाही. तुम्हीही पहिल्यांदाच पाहणार असाल तर माझा नियम तुम्हालाही लागू आहे.

संपल्या संपल्या ‘आवडली का?’ विचारू नका. त्या प्रश्नात आपली आशा इतकी भरलेली असते की मूल दयेपोटी हो म्हणतं. मी विचारलं, “तुझा कुठला तर्क सगळ्यात जवळ गेला?” वही उघडली, आणि अर्धा तास गेला.

मग विज्ञानाची पाळी येते, आणि ही कथा इथे सोन्यासारखी आहे, कारण तिच्यात एक ढळढळीत चूक आहे. कथा सांगते की पृथ्वीवरच्या जीवसृष्टीची सुरुवात ४० कोटी वर्षांपूर्वी झाली. प्रत्यक्षात जीवसृष्टीच्या खुणा ३५० कोटी वर्षांहूनही जुन्या आहेत, आणि ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्रात मासे फिरत होते. मी ही चूक दाखवली नाही. डायनासोरचं पुस्तक कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. दोन दिवसांनी ती पानावर बोट ठेवून आली: “मावशी, यांनी चूक केलीय!” लाडक्या कथेतली चूक आपली आपण शोधणं यात जी ऐट असते ती मोठ्यांनाही पुरते.

बाकी हाताने करायच्या गोष्टी. मोनालिसा प्रत्यक्षात ७७ बाय ५३ सेंटिमीटर आहे आणि ती कापडावर नाही, पॉप्लरच्या लाकडी फळीवर रंगवलेली आहे. कागदावर तेवढा चौकोन आखा, मुलं थक्क होतात की ‘एवढीशीच?’ त्याला जोडून खऱ्या चोरीची गोष्ट सांगता येते: २१ ऑगस्ट १९११ रोजी व्हिन्सेंझो पेरुजिया नावाच्या कामगाराने ती लूव्रमधून उचलून नेली, आणि ती सापडली १९१३ मध्ये, तीही फ्लॉरेन्सला.

टार्डिसच्या आवाजाची गोष्टही ठेवणीतली आहे. तो घरघरता, श्वास लागल्यासारखा आवाज ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या जाड तारांवर घराची किल्ली घासून आणि तो टेपवर बदलून बनवला. शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांचं, पण ते जसं ऐकू येतं तसं घडवलं डेलिया डर्बीशायर यांनी, एकेक सूर टेपवर ध्वनिमुद्रित करून, टेप कापून आणि जोडून. सिंथेसायझरवर सहज वाजवण्याचे दिवस यायचे होते. आम्ही किल्ली घेऊन घरातल्या बंद पडलेल्या गिटारची जाड तार घासली, फोनवर आवाज टिपला आणि तो संथ करून ऐकला. बऱ्यापैकी जवळ गेला.

डॉक्टरचा मफलर इतका लांब का, हे तिने विचारलंच. वेशभूषाकार जेम्स अ‍ॅचेसन यांनी बेगोनिया पोप या विणकाम करणाऱ्या बाईंकडे भरपूर लोकर दिली, आणि त्यांनी ती सगळीच्या सगळी विणून टाकली. टॉम बेकरला तो तसाच आवडला.

आठवी पायरी: पुढची कथा मुलाने निवडायची

मी लगेच माझी यादी काढली नाही. चार-पाच दिवस जाऊ दिले. मग तिनेच विचारलं की पहिलाच डॉक्टर कोण होता. तेव्हा विल्यम हार्टनेलबद्दल सांगितलं. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनऊत जन्मलेले आणि तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते, निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट सत्तावीस वर्षांच्या, हेही सांगितलं. आणि मग तिला खरं दुःख झालं अशी गोष्ट आली: साठच्या दशकातले कितीतरी भाग आज नाहीत. टेप महाग होत्या, बीबीसीने त्या पुसून पुन्हा वापरल्या. परदेशी पाठवलेल्या फिल्म प्रतींमधून काही भाग परत मिळाले. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ हाँगकाँगहून आली. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ आणि ‘द वेब ऑफ फिअर’चे बरेच भाग नायजेरियात सापडले, ते २०१३ मध्ये जाहीर झालं. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शिल्लक आहे, कारण तेव्हाच्या चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर टीव्हीचा आवाज टिपून ठेवला होता.

“म्हणजे मुलांनी वाचवले?”

काही तर मुलंच होती, म्हटलं.

तिने निवडली ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’. १९६६ ची, सहा भागांची, पॅट्रिक ट्राउटनची डॉक्टर म्हणून पहिली कथा. तिचा एकही पूर्ण भाग उरलेला नाही. २०१६ मध्ये त्या जुन्या आवाजावर अ‍ॅनिमेशन करून ती पुन्हा उभी केली गेली. सहा भाग, कृष्णधवल, शिवाय चित्रांची हालचाल थोडी ताठर. माझ्या सगळ्या नियमांविरुद्ध जाणारी निवड. मी हो म्हटलं.

ती कथा मीही पाहिलेली नाही. या वेळी मीही वही घेतली आहे. शनिवारी संध्याकाळी सुरू करतोय, रोज एक भाग, आणि रिमोट तिच्याकडेच राहणार.